कार्ड क्रमांक दोनशे बारा

मागणी चार ओळींची:
दलदलीतली नावाडीण, साठीच्या पुढची.
किंमत तीन, हल्ला एक, बचाव सहा.
मेलेल्यांना पलीकडे नेते, भाडं घेत नाही.
चित्र शुक्रवारपर्यंत.

मी वूचमध्ये राहते.
पोलिशमध्ये वूच म्हणजे होडी,
म्हणजे या शहराचं नावच नाव.
आणि नद्या? आहेत म्हणतात, डझनावर.
गिरण्यांनी त्या विटांच्या नळांत घातल्या,
वरून आता ट्राम जाते.
नावाडीण मला जमेल असं वाटलं ते यामुळेच असेल.

चौकट काडेपेटीएवढी.
तिच्यात आभाळ, धुकं, लव्हाळी, होडी,
आणि एक बाई, जी सहा घाव सोसून उभी राहील.
मी पडद्यापासून दूर जाते, डोळे किलकिले करते:
नखाएवढी झाली तरी कळते का, कोण आहे?
आधी नुसत्या काळ्या डागात ओळखू यावी लागते,
गल्लीच्या टोकाला आपलं माणूस
चालीवरून ओळखतो तशी.

सात बायका खोडल्या.
पहिली राणी निघाली, तिसरी चेटकीण,
पाचवीला चुकून माझंच नाक.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या गेनोवेफाबाई आल्या,
आंबवलेल्या बिटाची बरणी घेऊन.
झाकण मला हलेना. त्यांनी चार बोटांनी फिरवलं.
उजवी करंगळी नाही त्यांना:
त्र्याहत्तर साल, रात्रपाळी.
"मागाने घेतली," म्हणतात,
भाडं चुकतं केल्यासारख्या.

मी म्हटलं, जरा उभ्या राहता?
झाडूचा दांडा दिला वल्हं म्हणून.
"सूप ठेवलंय गॅसवर," त्या म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या.
वजन आधी मनगटात, मग खांद्यात,
तोंडावर काहीच नाही.

सापडली.

मंगळवारी पाठवलं.
बुधवारी लायप्झिगहून रुप्रेख्तचं उत्तर:
धुकं सुरेख. पाण्यातली उजेडाची रेघ राहू दे.
फक्त तो हात. चार बोटं आहेत.

मी लिहिलं: चारच आहेत.

तो: मला कळतं गं. पण हल्ली लोक मोजतात.
मोठं करून मोजतात आणि म्हणतात, यंत्राने काढलंय.
तुझंच नाव बुडेल.

एका बोटाला वेळ तो किती?
नऊ मिनिटं. पेर, पेर, नख,
नखाखालची सावली.
बोट झकास जमलं.
कुणाचंच नव्हतं.

पुसलं. खिडकी उघडली, बंद केली.
बिटाचं आंबट पाणी कपभर प्यायले.
अडीच वाजता त्या हाताभोवती
ओल्या दोराचे तीन वेढे काढले,
करंगळीच्या जागेवर सगळ्यात जाड.
आता मोजा.
रुप्रेख्त म्हणाला, वा, हे तर आधीपेक्षा बरं.

सात महिन्यांनी खोकं आलं.
कार्ड घेऊन वर गेले.
गेनोवेफाबाईंनी चश्म्यावर भिंग धरलं.
चेहऱ्यावरून नजर तशीच पुढे गेली,
धुक्यावरून, माझ्या उजेडाच्या रेघेवरूनही,
आणि हातावर थांबली.

"हे कुणी शिकवलं तुला?
दोर असा हाताला गुंडाळतात?
होडीला एक हिसका बसू दे.
अशानेच जातात बोटं."

मी काही बोलले नाही.
त्यांनी कार्ड उलटं केलं, मागे काही लिहिलंय का पाहायला.
मी सांगितलं, मागची बाजू सगळ्यांची सारखीच असते,
नाहीतर खेळता येत नाही.
"हं," त्या म्हणाल्या,
आणि ते मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं,
तोंड खिडकीकडे.